पश्चिमेची खिडकी

ऑगस्टअखेरची गोष्ट. त्या दिवशी साहेबांनी मला एकाच एक्सेल शीटमधला एकच रकाना सात वेळा रंगवायला लावला. "हा पिवळा जरा अंगावर येतोय," म्हणे. ऑफिस सुटताना ठरवलं, आज एक तरी रंग असा बघायचा, ज्याच्यावर साहेबांची सही लागत नाही.

राहतो वसईला. भाईंदर सुटलं की गाडी खाडीवर चढते. पूल, मधे पाणजू बेट, पुन्हा पूल, की आलंच नायगाव. तेवढा वेळ डाव्या हाताला पाणी आणि आकाश, दुसरं काही नाही. जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वासात झाले तरी रेंगाळतो, नोव्हेंबरअखेर सहालाच गाशा गुंडाळतो. ऑगस्टअखेर मात्र तो सातच्या जरा आधी बुडतो आणि माझी विरार फास्ट तेव्हा खाडीवर असते. अर्थात, वेळेवर असली तर.

होती! दादरला लोकांनीच मला आत चढवलं आणि कुणाच्या तरी काखेखाली नेऊन उभं केलं. ती काख आणि एका फुगलेल्या सॅकचा पट्टा यांच्या फटीतून वीतभर पश्चिम दिसत होती. बोरिवलीपर्यंत ती फट मी डोक्याने राखली. संध्याकाळी उन्हाला हवेतून लांबचा पल्ला मारावा लागतो. निळा प्रकाश वाटेत विखरून जातो, तांबडा तेवढा तग धरून पोचतो, असं शाळेत शिकलो होतो. विरार फास्टमध्ये उभं राहिल्यावर ते पटलं.

भाईंदर आलं, आणि खिडकीतल्या काकांनी शटर धाडकन खाली ओढलं. मोबाईलवर ऊन येत होतं, त्यांची रमी दिसेना.

"काका, जरा शटर वर घेता का?"

"का हो? उलटी होतेय?"

"नाही... सूर्यास्त बघायचाय."

डब्यात शांतता पसरली. चौथ्या सीटवरच्या गृहस्थांनी माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं, की उलटीला हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तेवढ्यात मागून एक पिशवी डोक्यांवरून पुढे आली. "खाडी आली, निर्माल्य आहे, टाका बाहेर!" काकांनी तत्काळ शटर वर केलं. देवाचं काम!

गजांतून हारांसकट पिशवी गेली, आणि मागे आकाश उरलं. खाली राखाडी ढगांची जाड रांग, तिच्या कडेला तापलेल्या तारेसारखी लालभडक रेघ. वर पिकल्या पपईचा रंग, त्याच्याही वर एक हिरवट पट्टा, ज्याला नाव सुचेना. खाडीतल्या एकुलत्या होडीवरचा माणूस आमच्याकडे पाठ करून बसला होता. रमी थांबवून काकाही बघत राहिले. मला वाटलं, जिंकलो.

"उद्या पाऊस," काका म्हणाले, आणि शटर खाली.

या नादात मी दाराकडे सरकायचं विसरलो. वसईला "उतरायचंय, उतरायचंय" असं ओरडलो, पण चढणाऱ्यांनी मला पुन्हा त्याच काखेखाली पोचवलं. उतरलो नालासोपाऱ्याला. परतीची गाडी रिकामी होती. पश्चिमेची खिडकी मिळाली, शटरही वर होतं. बाहेर मिट्ट काळोख.