आईला सांभाळा आणि वर जास्तीचा कौन्सिल टॅक्स भरा

आई एकटी राहत होती तोवर तिला कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे इथल्या इंग्लंडातल्या घरपट्टीत, २५ टक्के सवलत होती. मग तिला गोष्टी आठवेनाशा झाल्या, गॅस तसाच चालू राहायला लागला, म्हणून मी लीड्समधला भाड्याचा फ्लॅट सोडून तिच्याकडे राहायला आले. आणि कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, काय केलं? सवलत काढून घेतली. का, तर घरात आता दोन प्रौढ माणसं झाली! म्हणजे मी तिला एकटीला टाकून लीड्समध्ये मजेत राहिले असते तर बिल कमी, आणि रात्री उठून तिला हात धरून बाथरूमपर्यंत नेते म्हणून बिल जास्त. पाऊण बिल होतं, आता पूर्ण. म्हणजे तेहतीस टक्क्यांची वाढ झाली, लेक घरी आली म्हणून.

इंग्लंडात राहणाऱ्यांना माहीत असेल, नसेल त्यांच्यासाठी सांगते. हा टॅक्स १९९३ साली आला, पोल टॅक्सवरून, म्हणजे आधीच्या डोईपट्टीवरून, देशभर रामायण झाल्यावर. घराचा बँड, म्हणजे टॅक्सची पायरी, ठरते ती १ एप्रिल १९९१ ला त्या घराची किंमत काय होती यावर. हो, १९९१! त्यानंतर इंग्लंडात कुणाला नव्यानं मोजायची हिंमत झालेली नाही. पण माणसं मात्र हे लोक डोळ्यांत तेल घालून मोजतात. पूर्ण बिल दोन प्रौढांचं धरतात. एकच असेल तर २५ टक्के कमी. मी राहायला आले ते मी स्वतःच कळवलं होतं. कळवलं नसतं तरी मतदार यादीशी ताडून ते पकडतातच, आणि वर ७० पौंडांचा दंड लावू शकतात. त्या ऑनलाइन फॉर्ममध्ये माझी जन्मतारीख विचारली, राहायला आल्याची तारीख विचारली. कशासाठी आलात, हे विचारायला एक चौकोन नाही! नवं बिल मात्र आठवड्याच्या आत दारात.

ते बिलही आईच्या नावावर. घर तिच्या मालकीचं, म्हणून कायद्यानं देणं तिचं. मी त्या घरात राहते, मला मोजतात, पण बिलावर माझं नाव नाही. आईनं ते पत्र वाचलं आणि शॉर्टब्रेडच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घडी करून ठेवलं. महत्त्वाचं सगळं ती तिथेच ठेवते, बाबांच्या डेथ सर्टिफिकेटसकट. मग दिवसभर एकच घोषा: ‘आपण घरपट्टी बुडवली का गं?’ जिनं या देशात आल्यापासून एक हप्ता चुकवला नाही, त्या बाईला रात्री झोप नाही.

फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणते, आम्ही खातेदाराशीच बोलणार. डेटा प्रोटेक्शन. बरं, आईला फोन दिला. जन्मतारीख विचारली. आईनं अगदी मनापासून सांगितलं, कोजागिरीचा दुसरा दिवस. मी शेजारून कुजबुजते, ‘आई, एक जून सांग, एक जून!’ आता महाराष्ट्रातल्या त्या पिढीत गुरुजींनी शाळेत नाव घालताना किती जणांना एक जून चिकटवून दिलाय, हे या मुलीला कुठून कळणार. पासपोर्टावर तेच, कौन्सिलकडेही तेच. तिनं माझी कुजबुज ऐकली आणि विचारलं, ‘कोणी तुम्हाला उत्तर सांगतंय का?’ संपला फोन. आईची स्मरणशक्ती गेलीय म्हणून मी फोन करतेय, आणि स्मरणशक्तीची परीक्षा पास झाल्याशिवाय तुम्ही बोलणार नाही. वा रे न्याय.

शेवटी आईची सही घेऊन मला बोलायची परवानगी मिळवली. आणि मग खरा तमाशा सुरू झाला.

कायद्यात चक्क लिहिलेलं आहे की एकाच घरात राहून आठवड्याला सरासरी ३५ तास काळजी घेणाऱ्या माणसाला मोजायचंच नाही. अटी इतक्याच: ज्याची काळजी घेता तो तुमचा नवरा, बायको, जोडीदार किंवा अठरा वर्षांखालचं मूल नको, आणि त्याला अटेंडन्स अलाउन्ससारखा (देखभाल लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा सरकारी भत्ता) ठरलेल्यापैकी एखादा भत्ता मिळत असायला हवा. म्हातारी आई, तिची लेक, एक घर. सरळ बसतं. मला मोजलं नाही की आई पुन्हा एकटी, सवलत पुन्हा चालू. पण फोनवरचा माणूस विचारतो काय, ‘तुम्ही केअरर्स अलाउन्स घेता का?’ म्हणजे काळजी घेणाऱ्याला मिळणारा भत्ता. मी म्हटलं, नाही, मी घरून नोकरी करते, पगार त्या भत्त्याच्या मर्यादेबाहेर जातो. ‘मग तुम्ही केअरर नाही.’ अहो, कुठे लिहिलंय असं? या सवलतीचा आणि केअरर्स अलाउन्सचा काडीचा संबंध नाही. नोकरी करा, न करा, पगार किती ते कोणी विचारतही नाही. प्रश्न तासांचा आणि आईच्या भत्त्याचा आहे. तुमच्याच वेबसाइटवर तुम्हीच लिहिलेला नियम मी तुम्हाला वाचून दाखवायचा? आणि वाचून दाखवल्यावर तुम्ही म्हणणार, ‘ठीक आहे, मी सिनियरला विचारतो’?

नुसतं म्हातारं असण्याला काही सवलत नाही, हेही लोकांना माहीत नसतं. सत्तर व्हा, ऐंशी व्हा, नव्वद व्हा, वय म्हणून एक पेनी कमी होत नाही.

मग अटेंडन्स अलाउन्सचा फॉर्म. हा भत्ता कौन्सिल देत नाही, तो केंद्र सरकारचा, त्यामुळे तिथं दुसरी रांग. पेन्शनच्या वयाच्या पुढच्या माणसाला, उत्पन्न न बघता मिळतो. २०२५-२६ ला दर आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड होते. फॉर्म जाडजूड, आणि त्यात आईनं काय काय करता येत नाही हे कबूल करायचं. आता ही बाई कबूल करणार? जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जायचं म्हटलं की ठेवणीतली इरकली नेसते, अंबाडा घालते आणि डॉक्टरांना सांगते, ‘आय डू एव्हरीथिंग मायसेल्फ.’ त्याच सकाळी मी तिच्या ब्लाउजची बटणं लावलेली असतात. डॉक्टर हसतात, लिहून ठेवतात, ‘पेशंट स्वतंत्र’. मी मागे खुर्चीत बसून दातओठ खाते.

हे कमी म्हणून आणखी एक सवलत आहे. डिमेन्शियासारखा आजार असेल, डॉक्टरांचा दाखला असेल आणि तो भत्ता लागू होत असेल, तर त्या माणसालाही मोजत नाहीत. म्हणजे आईही वगळली, मीही वगळले, तर बिल निम्मं. ती एकटी राहत असती तर पूर्ण माफ! परत तेच बघा, एकटीला सोडा आणि शून्य भरा. इंग्लंडात बँड डीचं सरासरी बिल २०२५-२६ ला २,२८० पौंड होतं. त्याचं निम्मं म्हणजे ११४० पौंड. किती घरं हे पैसे मुकाट्यानं भरत असतील? पैसे वाचवायचे सल्ले देणारा मार्टिन लुईस वर्षानुवर्षं टीव्हीवर घसा कोरडा करून या सवलतीबद्दल सांगतोय, तरी आमच्या कौन्सिलच्या माणसानं मला ‘असं काही नसतं’ म्हणून सांगितलं.

आमच्या मंडळातल्या एका काकांचं तर याहून वाईट. त्यांचं पेन्शन तुटपुंजं, म्हणून त्यांना कौन्सिल टॅक्स रिडक्शन मिळत होतं, म्हणजे उत्पन्नावरची वेगळी मदत. मुलगा घटस्फोटानंतर त्यांच्याकडे येऊन राहिला, तर मुलाच्या पगाराकडे बघून काकांची मदत कापली. मुलगा बापाला छदाम देतो की नाही, विचारलं नाही. घरात आहे ना, मग देतच असेल! आणि गंमत म्हणजे काकांना अटेंडन्स अलाउन्स असता तर ही कपात झालीच नसती. काकांचे गुडघे गेलेत, मोजे घालायला मुलगा लागतो, त्यांनी अर्ज करायला हवा होता. पण त्यांना सांगणार कोण? काप काप कापायला पत्र येतं, ‘तुम्हाला हेही मिळू शकतं’ सांगायला नाही.

आणि ज्यांच्या आई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर नातवंडं बघायला येतात त्यांनी उगाच घाबरू नका. तिचं मुख्य घर सांगलीला आहे, ती इथं पाहुणी आहे, तिला मोजता येत नाही. कुणी फोनवर काहीही सांगो.

आता सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. बिल उलटून बघा. त्यात एक ओळ असते, अ‍ॅडल्ट सोशल केअर. २०१६ पासून ही वेगळी पट्टी लावलीय, म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या देखभालीसाठी. तेही पैसे द्यायला माझी ना नाही, द्यायलाच हवेत. पण माझ्या घरातली म्हातारी मी सांभाळते, कौन्सिलचा एक माणूस आमच्या दारात येत नाही, त्यांचा एक पौंड आमच्यावर खर्च होत नाही. मी उद्या हात वर केले तर हिला केअर होममध्ये ठेवायला त्यांचं दिवाळं वाजेल. हे काम मी फुकट करते, त्या कामासाठी पट्टी भरते, आणि ते काम करायला घरात राहते म्हणून सवलत घालवते. एकाच बैलाची तीनदा कातडी काढायची म्हणजे कमाल आहे.

पुण्यात मामाला घरपट्टीतली ४० टक्क्यांची सवलत परत मिळवायला पीटी-३ चा फॉर्म घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जावं लागलं होतं, तेव्हा आई इथून हसून म्हणाली होती, ‘तुमची महापालिका म्हणजे!’ मामा आता फोनवर सूड उगवतोय.

भत्ता शेवटी मंजूर झाला. दोन्ही फॉर्म भरले, डॉक्टरांचा दाखला जोडला, रिसेप्शनिस्टची मनधरणी केली ती वेगळीच. मग कौन्सिलचं पत्र आलं: सवलत मंजूर, पण आमच्याकडे अर्ज पोहोचला त्या दिवसापासून. का? आजार काय त्या दिवशी सुरू झाला? भत्ता त्याच्या आधीपासून लागू आहे, दाखल्यावर तारीख आहे, तुम्हीच फोनवर चुकीचं सांगून मला महिनोन्‌महिने फिरवलंत. वाढवायचं होतं तेव्हा मी राहायला आल्याच्या तारखेपासून वाढवलंत की, अगदी दिवस मोजून! कमी करताना तारखा का दिसत नाहीत?

लेखी हरकत पाठवलीय. त्यांना उत्तर द्यायला दोन महिने. नाही दिलं किंवा नाही म्हटलं तर व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा वादांच्या न्यायाधिकरणाकडे, जाणार, तिथं फी नाही, वकील लागत नाही, आणि मी आता नियम त्यांच्यापेक्षा जास्त पाठ केलेत. तोवर बिलावरच्या आकड्याचे हप्ते आईच्या खात्यातून डायरेक्ट डेबिटनं जातच राहणार, कारण भांडण चालू असलं तरी भरणं थांबवता येत नाही. थांबवलं की आधी स्मरणपत्र, मग कोर्टाचं समन्स, आणि तेही आईच्याच नावावर.