कांडिन्स्कीचा पिवळा आणि जेजुरीचा भंडारा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमूर्त चित्रे काढणारा रशियन चित्रकार कांडिन्स्की याच्यावरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : कांडिन्स्कीला पिवळा रंग कर्कश, वेडाच्या झटक्यासारखा वाटतो, तर जेजुरीला भंडाऱ्यात न्हालेल्या माणसाला तोच रंग मंगल वाटतो, म्हणजे रंगाचा भाव हा निव्वळ संस्कार आहे आणि ओळखीच्या वस्तू काढून टाकल्या की प्रेक्षकाच्या हाती काही उरत नाही. शिवाय चित्र समजावण्यासाठी ज्याला पुस्तक लिहावे लागते, त्याचे चित्र फसलेले असते, असेही आपण म्हणता.

पहिल्या मुद्द्याला जेजुरीपेक्षाही भक्कम पुरावा खुद्द युरोपातच सापडतो. चित्रकार फ्रान्त्स मार्क हा कांडिन्स्कीचा म्युनिकमधला सहकारी. त्याने डिसेंबर 1910मध्ये आउगुस्ट माके या चित्रकार मित्राला लिहिलेल्या पत्रात निळा हे पुरुषतत्त्व आणि पिवळा हे स्त्रीतत्त्व मानले आहे. त्याच्या आधी स्वीडनमध्ये हिल्मा आफ क्लिंट हिने 1907 साली माणसाच्या दुप्पट उंचीची दहा चित्रे रंगवली, आणि तिच्या मांडणीत हेच नेमके उलट आहे : निळा स्त्रीचा, पिवळा पुरुषाचा. तेव्हा रंगांचे अर्थ सर्व माणसांसाठी एकच असतात, हा दावा टिकत नाही, याबद्दल आपल्यात वाद नाही. पुढे 1923 साली, कांडिन्स्की शिकवत असलेल्या बाउहाउस या जर्मन कलाशाळेत प्रश्नावली वाटून त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ यांना पिवळा, तांबडा आणि निळा यांपैकी कोणता रंग शोभतो, हे विचारले गेले. पण गुरुजी ज्या शाळेत शिकवतात तिथेच गुरुजींच्या मताची चाचणी घेतली, तर तिच्या निकालावर कितपत विसंबायचे?

मात्र यावरून आपण जो निष्कर्ष काढता, तो मला मान्य नाही. 1911च्या डिसेंबरात म्युनिकमध्ये प्रसिद्ध झालेल्या कांडिन्स्कीच्या पुस्तकात प्रत्येक रंगाचे स्वभाववर्णन आहे हे खरे, आणि त्यातले काही गमतीचेही आहे (हिरव्याला त्याने रवंथ करीत बसलेल्या धष्टपुष्ट गाईची उपमा दिली आहे). पण ही विधाने शास्त्रीय नसून अनुभवातून आलेली आहेत, असे तो तिथेच सांगतो. पिवळा त्रिकोण, पिवळे वर्तुळ आणि निळे वर्तुळ या परिणामाने अगदी वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हेही तो बजावतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकच तांबडा रंग आकाशाला, वस्त्राला, झाडाला किंवा घोड्याला दिला की त्याचा परिणाम दर वेळी बदलतो, याची त्याने सविस्तर चर्चा केली आहे. रंग एकटा बोलत नाही. कोणत्या आकारात, कशाच्या शेजारी आणि चौकटीत कुठे आहे, यावर त्याचा भाव ठरतो, हीच त्याच्या विवेचनातली टिकाऊ गोष्ट आहे असे मला वाटते.

याचा पडताळा चित्रातच घ्यावा. जानेवारी 1911च्या आरंभी म्युनिकमध्ये संगीतकार शोनबर्गच्या संगीताची मैफल त्याने ऐकली आणि लगेच ‘इम्प्रेशन 3 (मैफल)’ हे चित्र रंगवले. ते आज म्युनिकच्याच लेनबाखहाउस या संग्रहालयात आहे. मैफलीची झटपट केलेली रेखाटने उपलब्ध असल्यामुळे चित्रातला वरचा काळा, कोनदार आकार म्हणजे पियानो, आणि खालचे वाकलेले आकार म्हणजे पुढे झुकलेले श्रोते, हे ओळखता येते. उजवीकडून खाली पसरत गेलेला पिवळा मात्र कोणत्याही वस्तूचा नाही. पुस्तकात काळ्याचे वर्णन ‘भविष्य नसलेली शांतता’ अशा अर्थाने येते; इथे मात्र सारा नाद त्या काळ्यातूनच उसळतो. पुस्तकात कर्कश ठरलेला पिवळा इथे दालन भरून टाकतो, आणि निदान मला तरी त्यात बोचरे काही जाणवत नाही. छापील प्रतीत तो काळा आकार हाताने झाकून पाहा : पिवळ्याचा सगळा रेटा नाहीसा होतो आणि उरतो तो नुसता उजळ पृष्ठभाग. हा फरक जाणवण्यासाठी शोनबर्ग ऐकलेला असावा लागत नाही, आणि भंडाऱ्याची आठवणही आड येत नाही. संस्कार पिवळ्याला मंगल ठरवू शकतो. पण काळ्याशेजारी तो किती जोराने पुढे येतो, हे ठरवण्याचे काम चित्रकाराच्या हातात राहते.

वस्तू गेल्यावर उरतात ते ‘वाटेल तसे फटकारे’, हा आपला शब्दप्रयोग मात्र अन्यायाचा आहे. नोव्हेंबर 1913मध्ये ‘कॉम्पोझिशन 7’ हा दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद कॅनव्हास त्याने जेमतेम चार दिवसांत रंगवला, हे खरे. त्याची सहचरी, चित्रकार गाब्रिएले म्युन्टर हिने काढलेल्या छायाचित्रांत त्याचे टप्पे दिसतात. पण त्याआधी तिसाहून अधिक रेखाटने, जलरंगातले आणि तैलरंगातले कच्चे आराखडे झाले होते.

राहिला पुस्तकाचा मुद्दा. त्याचा बराचसा मजकूर 1910पूर्वी किंवा त्या सुमारास लिहून झाला होता, आणि त्या काळातल्या त्याच्या चित्रांत मुर्नाउ या बव्हेरियातल्या गावाची घरे, टेकड्या, घोडेस्वार स्पष्ट ओळखू येतात. जी चित्रे अजून रंगवलीच गेली नव्हती, त्यांचे समर्थन म्हणून ते लिहिले गेले, असे म्हणता येणार नाही.