लिंबाच्या पानावरच्या चंदेरी रेघा म्हणजे व्हायरस नव्हे
आपल्या कोल्हापुरातल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की लिंबाच्या पानावर चंदेरी नागमोडी रेघा दिसल्या की तो व्हायरस, झाड मुळासकट काढा नाहीतर शेजारची पण जातील. साफ चुकीचं हाय हे. ती नागअळी, पान पोखरणारी. पान उजेडात धरून बघा, रेघेच्या टोकाला बारीक पिवळट अळी दिसते आणि मधनं काळसर विष्ठेची लाईन. कोवळ्या पालवीवरच येते, मोठ्या झाडाला फारसा फरक पडत नाही, लहान रोपाला मात्र जपा. नवी पालवी फुटली की लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा, ८-१० दिवसांनी परत. परड्यातलं वाढवलेलं झाड असल्या मेसेजपायी तोडू नका ओ, जीव तुटतो. आणि रेघावाली जुनी पानं पण छाटू नका, ती अजून झाडाला अन्न देतात.