उप्पु, सक्करे आणि आजीचा चहा

मूल तीन वर्षांचं झालं की आमच्या कोल्हापुरात त्याला एकेक गोष्ट 'लावायला' सुरुवात होते. आधी म्हशीचं दूध लावतात, मग शाळा लावतात, अंगानं जरा बरा निघाला तर तालीम लावतात. हल्ली या यादीत भाषेची भर पडली आहे. "पोराला एखादी भाषा लावा की. या वयात डोकं स्पंजासारखं असतंय," असं सांगणारं कोणीतरी प्रत्येक बारशात आणि वास्तुशांतीत भेटतंच. स्पंजाचं खरं आहे. फक्त स्पंजानं काय शोषायचं ते आपल्या हातात नसतं, एवढं सांगायचं ते विसरतात. ज्या घरात सहा महिने रोज फ्रेंच गाणी वाजतात, त्याच घरातलं पोरगं एके दिवशी ताट सरकवून कार्टूनच्या ठणठणीत हिंदीत म्हणतं, "मम्मी, मुझे ये सब्जी बिलकुल पसंद नहीं." ही हिंदी त्याला कोणी लावलेली नसते.

म्हणून पहिला सल्ला: जिच्यात आपलं पोर कोणाशी तरी बोलू शकेल, अशी भाषा निवडावी. समोर माणूस नसेल तर मूल बोलत नाही, आणि का बोलावं त्यानं? कोल्हापुरात हे माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. निपाणी चाळीसेक किलोमीटरवर आहे. आत्या बेळगावात, मावशी चिक्कोडीत अशी घरं गल्लीगल्लीत आहेत. पण या आत्याला फोन करून "आमच्याशी कन्नड बोला" असं कोणी म्हणत नाही. तिला सोडून आपण पॅरिसच्या मागं लागतो.

अर्धी कन्नड तर घरातच असते. अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द मराठी व्याकरणाच्या पुस्तकात कानडीतून आलेल्यांच्या यादीत बसलेले आहेत. तूप म्हणजे तिकडचं तुप्प. खुर्चीला कुर्चि आणि खिडकीला किटकि म्हणायला तर खास अभ्यास लागत नाही, नुसतं सर्दी झाल्यासारखं बोललं की जमतं. गंमत पुढं आहे. कन्नडमध्ये 'हत्ति' म्हणजे कापूस, खऱ्या हत्तीला 'आने' म्हणतात, आणि 'ऊट' म्हणजे जेवण. ऊट झालं का असं आत्यानं विचारलं की पोरगं पाच मिनिटं अंगणात उंट शोधतं. शोधू द्यावं. तो शब्द ते जन्मात विसरत नाही.

सुरुवात करायची तर दोन शब्दांपासून करावी: 'बेकु' म्हणजे पाहिजे आणि 'बेड' म्हणजे नको. मुलाचा सगळा कारभार या दोन शब्दांवर चालतो. रंग, फळं, आठवड्याचे वार हे मोठ्यांचे लाड आहेत. तीन वर्षांच्या माणसाला गुरुवारशी काय घेणं? तिसरा शब्द 'साकु', म्हणजे पुरे. तो मात्र जपून शिकवावा.

आता लेबलांकडं येऊ. घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसणारा उपक्रम आहे. मोठी माणसं हौसेनं चाळीस-पन्नास चिठ्ठ्या लिहितात आणि आपल्या डोळ्यांच्या उंचीवर लावतात. मूल जिथं वावरतं तिथं, म्हणजे जमिनीपासून तीन फुटांच्या आत, काहीच नसतं. त्याहून मोठी बाब म्हणजे मुलाला वाचता येत नाही, आणि ती सगळ्या चिठ्ठ्या लावून झाल्यावर लक्षात येते. म्हणून एका वेळी पाचच चिठ्ठ्या लावाव्यात. त्यावर शब्द लहान आणि चित्र मोठं असावं. आठ-दहा दिवसांनी त्या बदलाव्यात, कारण त्यानंतर चिठ्ठी भिंतीचा भाग होते आणि घरात ती फक्त पाहुण्यांना दिसते. भिंतीला चिकटपट्टी लावू नये, काढताना रंगाचा पोपडा घेऊन येते. फ्रिजच्या बाहेर चालेल. आत घामेजून गळून पडते आणि कोथिंबिरीत सापडते.

चिठ्ठी निघते आणि पुन्हा चिकटते, हा तिचा गुण मोठ्यांना सोयीचा वाटतो. मुलांना तो जास्त सोयीचा वाटतो. मिठाच्या बरणीवरची 'उप्पु' आणि साखरेच्या बरणीवरची 'सक्करे' यांची अदलाबदल व्हायला अर्धं मिनिट पुरतं. घरात नवीन माणूस असेल तर ते भोळेपणानं वाचून चहा टाकतं. तो पहिला कप नेहमी आजीकडंच जातो. भाषाशिक्षणाला घरातून जो विरोध होतो, त्याचा उगम बहुतेक वेळा या कपात असतो. तेव्हा एकसारख्या दिसणाऱ्या बरण्यांच्या वाटेला जाऊ नये. आणि देव्हाऱ्यावर कुठल्याही भाषेत काहीही चिकटवू नये.

लेबलांपेक्षा जिना बरा. जुन्या इमारतींत दोन वळणांमध्ये साधारण दहा पायऱ्या असतात, म्हणजे आकडे शिकायला सरकारनंच सोय केल्यासारखं आहे. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु. एका पायरीला एक आकडा, चुकलं की एक पायरी खाली. चौथा आकडा ओळखीचा वाटतो, पाचवा अर्धा कळतो, सहावा आकडा म्हणताना दारामागचा कुत्रा भुंकतो म्हणून तो पाठच होतो. अकरावी पायरी असेल तर आपली पंचाईत होते, कारण आपलं कन्नड दहाला संपलेलं असतं. 'हन्नोंदु' म्हणावं आणि वर निघून जावं. हातात भाजीची पिशवी असताना हा खेळ सुरू करू नये. मूल आठव्या पायरीवर मुद्दाम चुकतं आणि पिशवी आपल्या हातात असते.

ज्यांना आकडेच शिकवायचे आहेत त्यांनी विटी-दांडू काढावा. आपल्या आज्या-आजोबांनी ज्या आकड्यांत डाव मोजला ते 'वकट, लेंड, मुंड, नाल' आठवून पाहा. तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. म्हणजे पिढ्यान् पिढ्या आपण धूळ उडवत तेलुगू बोलत आलो आणि एकालाही त्याची फी भरावी लागली नाही. पुढचे आकडे गल्लीगल्लीला वेगळे आहेत, त्यावरून भांडण होतं, ते होऊ द्यावं. विटी वीतभर, दोन्ही टोकं निमुळती. दांडू मुलाच्या हाताएवढा. लहानांसाठी विटीची टोकं घासून बोथट करावीत आणि बाकीच्यांना दहा पावलं मागं उभं करावं. पार्किंगमध्ये खेळू नये. तिथं पहिल्याच वकटाला कोणाच्या तरी गाडीचा आरसा जातो, आणि मग मूल ज्या भाषेचा परिचय घेतं ती शिकवायची आपली इच्छा नसते.

रविवारचा मान स्वयंपाकघराचा. परदेशी पदार्थ म्हटलं की लोक पिझ्झाकडं वळतात. त्यात मुलाला शिकायचं काही उरलेलं नाही, ते आपल्यालाच शिकवतं. मी म्हणेन ओनिगिरी करा, म्हणजे जपानी पद्धतीचे भाताचे गोळे. जपानीत 'निगिरु' म्हणजे मुठीत दाबणं, त्यावरून नाव. म्हणजे क्रियापदच हातात येतं. दोन वाट्या इंद्रायणी तांदूळ धुवून अर्धा तास भिजवा, साडेतीन वाट्या पाणी घालून कुकरला शिजवा. बासमती घेतला तर सगळं मुसळ केरात. त्यात अमायलोज नावाचा स्टार्च जास्त असतो, शितं सुटी राहतात आणि गोळा पोराच्या हातून थेट पायावर पडतो. इंद्रायणीचं उलटं आहे, तो स्वभावानंच चिकट. भात हाताला सोसेल इतका गरम असतानाच वळायचा; गार झाला की तडे जातात. शेजारी मिठाच्या पाण्याची वाटी ठेवा, दर वेळी तळवे ओले करा, पण निथळू द्या, नाहीतर गोळ्याची पेज होते. सुशीच्या भातात व्हिनेगर असतं, याच्यात नाही, ते घालून उगाच वास करू नका. आत जपानी लोक उमे नावाचं आंबट-खारवलेलं फळ घालतात. आपल्याकडं लिंबाच्या गोड लोणच्याची एक फोड चालते. बाहेरून समुद्रशेवाळाचा नोरीचा कागद लावतात, तो खायच्या क्षणी लावावा. आधी लावला तर ओला होतो आणि मुलं त्याला "खराब झालेला पापड" म्हणतात. नाही मिळाला तर भाजलेले तीळ लावा, तेही जपान्यांना मान्य आहे.

आकार त्रिकोणी हवा. मुलं पहिल्यांदा लाडू करतात, मग बैल, मग ट्रॅक्टर. तेवढ्यात आजी येते, दोन ओनिगिरींवर तूप सोडते आणि सांगते की हा तर आमच्या लहानपणीचा काला. खाण्याआधी जपानी घरात हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात, आपण श्लोक म्हणतो तसं. हे मुलांना फार आवडतं, कारण एका शब्दात श्लोक आटोपतो. चॉपस्टिक देणार असाल तर दोन्ही काड्यांच्या मागच्या टोकात कागदाची घडी घालून वरून रबर बांधा म्हणजे चिमटा होतो. सराव गाजराच्या तुकड्यांवर घ्या. भडंगावर घेऊ नका. ते तेलकट असतं, निसटतं, आणि दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली मुंग्या सांस्कृतिक देवाणघेवाणीला येतात. अगदी लहानांना सरावासाठी अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात.

पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा पाहुणे शोधायचा खेळ बरा. एक रिकामी वाटी आणि मूठभर राजमा घ्यायचा. घरात परदेशातून आलेला शब्द सापडला की वाटीत एक दाणा. बादली, चावी, बटाटा, पाव हे पोर्तुगीजांबरोबर आले. दारातली रिक्षा जपानी 'जिन-रिकि-शा'वरून, म्हणजे माणूस-ताकद-गाडी. मुलं भराभर दाणे टाकतात. अडचण मोठ्यांची होते. कारण खेळ सरकत सरकत कोल्हापूरच्या काळजापर्यंत येतो. पैलवान आणि कुस्ती हे शब्द फारसी. तालीम अरबी, मूळ अर्थ शिक्षण. मटण इंग्रजी. आणि तांबड्या रश्श्यातली मिरची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. नाव मात्र आपण तिला काळ्या मिरीचं, संस्कृत 'मरीच'वरून दिलं. इथपर्यंत आलं की खोलीतल्या एखाद्या काकांचा तोल जातो. "मग आपलं काय ऱ्हायलं रं?" पांढरा रस्सा, असं चटकन सांगावं. त्यात काजू घातले आहेत का हे विचारू नये. काजू ब्राझीलचा.

या खेळात एक गोष्ट ध्यानात येते. आमच्या पोरांना खरी पहिली परकी भाषा भेटते ती पाठ्यपुस्तकात. घरात पोरगी "मी आलो, मी जेवलो, मी चाललो" म्हणते, तिची आई म्हणते, आजीही म्हणते. शाळेत तिला 'मी आले' लिहावं लागतं. "लई भारी" म्हणणाऱ्या पोराला 'अतिशय सुंदर' लिहिताना जे कष्ट पडतात, ते बघितले की कन्नड-जपानीची भीती वाटेनाशी होते. तेव्हा दोन्ही बोलींचा खेळ करावा: दुकानदार कोल्हापुरी, गिऱ्हाईक पुस्तकी. "मला एक किलो कांदे हवे आहेत." "घ्या की मग. कोन नको म्हनतंय?" पंधरा मिनिटं सहज जातात. गिऱ्हाईक व्हायला कोणी तयार नसतं, तेव्हा ते काम आपण घ्यावं.

बाहेर जायचं तर मध्यवर्ती बसस्थानकावर कर्नाटकाच्या गाड्या बघायला न्या. कन्नड 'र' म्हणजे झाकण ठेवलेली घागर, आणि 'ठ' म्हणजे मधोमध ठिपका असलेला वटारलेला डोळा. दोन 'ठ' शेजारी काढले की रागावलेले मास्तर तयार होतात. एक अक्षर ठरवायचं आणि ते किती पाट्यांवर दिसतं ते मोजायचं, एवढंच. संपूर्ण वर्णमाला काढली की पोरगं वडापावच्या गाड्याकडं बघायला लागतं. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारातून पंचगंगेकाठी आलेला. समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडं, मग हा इथं काय करतोय, असं मुलांना विचारावं आणि उत्तर देऊ नये. "अंबाबाईला आला असेल," हे उत्तर बहुतेक वेळा येतं आणि ते खोडून काढायची घाई करू नये. वीस मिनिटांत बाहेर पडावं. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात जुन्या कन्नडातले शिलालेख आहेत. तिथं मात्र मुलं अक्षरांपेक्षा दगडी हत्तींपाशी रमतात. म्हणजे 'आने'.

एवढं सगळं सुरळीत चालू असताना दारात पाहुणे येतात. आणि आपल्यातला मास्तर जागा होतो. "अगं, हिला कन्नड येतंय. म्हणून दाखव की! दार म्हणजे काय? पाणी म्हणजे काय?" कालपर्यंत जिन्यात ओरडणारं पोर खांबासारखं उभं राहतं. फ्रॉकचं टोक तोंडात जातं. आपण हसत हसत पुन्हा विचारतो, मग जरा दटावून विचारतो. पाहुणे "असू दे, लहान आहे" म्हणतात, ते आपल्याला झोंबतं. आपण तिसऱ्यांदा विचारतो. तेव्हा फ्रॉक तोंडातून बाहेर येतो आणि अगदी बेळगावच्या आत्याच्या हेलात उत्तर मिळतं.

"साकु."