‘फुकटच्या घोळक्यात चालून काय होणार?’ या मेसेजला उत्तर

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हापुन्हा येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दहा हजार पावलं झाली नाहीत तर चालणं वाया. घोळक्यात चालणं म्हणजे नुसत्या गप्पा. मोफत ग्रुप चालवणारे स्वयंसेवक डॉक्टर नसतात, म्हणून शुगर-बीपीवाल्यांनी त्यांच्या नादी लागू नये. साठीनंतर चालून गुडघे झिजतात. आणि चालायचं तर पहाटे पाचलाच. हे वाचून घरी बसतात ती माणसं नेमकी तीच, ज्यांना चालण्याची सगळ्यात जास्त गरज आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

दहा हजारांचा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. पुढे नावातला आकडाच नियम होऊन बसला. २०२२मध्ये पंधरा अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा साठीपुढच्यांमध्ये मृत्यूचा धोका ६ ते ८ हजार पावलांपर्यंत कमी होत गेला आणि त्यापुढे फारसा फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं मोजतच नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाने, एवढंच ती सांगते. सलग दहा मिनिटं तरी चाललंच पाहिजे ही जुनी अटही २०२०मध्ये गेली.

गप्पांचं म्हणाल, तर गप्पा हीच वेगाची मोजपट्टी आहे. बोलता येतंय पण अभंग म्हणता येत नाही, म्हणजे वेग बरोबर. अभंग आरामात म्हणता आला तर पाय उचला. वाक्य तुटायला लागलं तर सावकाश घ्या. घड्याळ लावून मोजायचं असेल तर १५ सेकंदांत साधारण २५ पावलं. २०१५मध्ये ४२ अभ्यासांचा एकत्र आढावा झाला. त्यात चालण्याच्या ग्रुपमधल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी पावणेचार अंकांनी उतरलेला दिसला, नैराश्य कमी झालं, आणि सुमारे तीन चतुर्थांश लोक टिकून राहिले. एकट्याने सुरू केलेलं चालणं किती दिवस टिकतं, हे ज्याचं त्याला ठाऊक.

मात्र ग्रुप बिघडतोही, आणि बहुतेक वेळा एकाच जागी. पुढचे भराभर जातात, वळणावर थांबून मागच्यांची वाट बघतात, आणि मागची मावशी धापा टाकत पोचली की लगेच ‘चला’ म्हणून निघतात. विश्रांती मिळाली ती फक्त पुढच्यांना. अशा मावशी चौथ्या दिवशी येत नाहीत. उपाय सोपा आहे. एक स्वयंसेवक पुढे, एक कायम सगळ्यांत शेवटी, आणि शेवटचा माणूस पोचल्यावर आणखी दोन मिनिटं थांबा. नाशिकच्या कृषीनगर किंवा गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर तर वेगवानांनी एक फेरी जास्त मारून मागून येऊन मिळावं. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं सगळ्यांनीच हळू.

स्वयंसेवक डॉक्टर नसतात, हे खरं. त्यांनी गोळ्यांबद्दल एक शब्दही बोलू नये, हेही खरं. त्यांचं काम वेगळं आहे. पहिल्या दिवशी विचारायचं: चालताना छातीत दुखतं का? चक्कर येते का? हृदयाचा आजार किंवा अलीकडे ऑपरेशन? इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांचा होकार, मग चालणं. प्रत्येकाच्या घरच्याचा नंबर वहीत हवा. पिशवीत पाणी आणि साखर.

साखर का? इन्सुलिनवाला माणूस रिकाम्या पोटी आला की शुगर ७०च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो किंवा विनाकारण चिडतो. तिथेच बसवा, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटं थांबा, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच. इथे हमखास चूक होते ती बिस्किट देण्याची: त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा. छातीत दुखलं तरी १०८च. स्कूटरवर बसवून घरी सोडणं नको.

गुडघ्यांबाबत उलटंच आहे. सपाटीवर चालल्याने मांडीचे स्नायू बळकट होतात आणि सांध्याला आधार मिळतो. दुखऱ्या गुडघ्यांनी पांडवलेणीच्या पायऱ्या मात्र टाळाव्यात, उतरताना भार जास्त पडतो. पावसाळ्यात गोदाघाटाचे शेवाळलेले दगडही नकोत.

पहाटेचा हट्ट नाशिकच्या थंडीत तर नकोच. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. हृदयाचा त्रास असलेल्यांनी ऊन पडल्यावर निघावं. आणि सकाळी डबे करायचे असतील, त्यांच्यासाठी आपली शतपावली आहेच. २०१६च्या न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात मधुमेहींनी प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर, दिवसातून एकदा अर्धा तास चालण्याच्या तुलनेत, रात्रीच्या जेवणानंतरची साखर २२ टक्के कमी राहिली. फक्त शंभर पावलांवर थांबू नका, हजारभर होऊ द्या. सोसायटीच्या आवारात रात्री नऊला दोघी-तिघी जमल्या तरी ग्रुप झाला.