‘स्वस्त पार्ट घातले की उपग्रह मुका होणारच’: या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचे आक्षेप दोन. विद्यार्थ्यांचे क्यूबसॅट, म्हणजे घनाच्या आकाराचे छोटे उपग्रह, गप्प होतात ते बाजारातले स्वस्त पार्ट किरणोत्सर्गात टिकत नाहीत म्हणून, जमिनीवरच्या चाचण्या अपुऱ्या पडतात हे माझं म्हणणं म्हणजे पळवाट, हा पहिला. दुसरा, ‘पहिल्या क्यूबसॅटमधून कॅमेरा काढा’ हा माझा सल्ला मुलांचा उत्साह मारणारा आहे.

उपग्रह गप्प कधी झाला, ते आधी बघा. किरणोत्सर्गाची मात्रा हळूहळू साठते. ५०० किलोमीटरच्या कक्षेत, दोन-तीन मिलिमीटर ॲल्युमिनिअमच्या आड, ती वर्षाला साधारण एक-दोन किलोरॅड असते आणि साधे मायक्रोकंट्रोलर (उपग्रह चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिप) सहसा त्याहून बरीच जास्त सोसतात. मग ज्याचा एकही बीकन, म्हणजे उपग्रह स्वतःहून पाठवतो तो ओळखीचा रेडिओ संदेश, ऐकू आला नाही, त्याचं खापर किरणोत्सर्गावर कसं फोडणार? किरणोत्सर्गाने होणाऱ्या लॅच-अपबाबत मात्र तुमचं म्हणणं रास्त आहे. एकाच भारित कणाने चिपमधला करंट शॉर्ट झाल्यासारखा चढतो, आणि हे कधीही होऊ शकतं. पण त्यासाठी महागडी चिपच हवी असं नाही. प्रत्येक सप्लाय लाइनवर करंट लिमिटर लावा. मर्यादा ओलांडताच काही मिलिसेकंदांत पुरवठा तुटला, तर बहुतेक वेळा चिप वाचते.

खरी गफलत पहिल्या तासाभरात होते. नियमाप्रमाणे रॉकेटमधून सुटल्यावर ३० मिनिटं अँटेना उघडायचा नाही, ४५ मिनिटं ट्रान्समीटर लावायचा नाही. अँटेना म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेली पोलादी पट्टी. तिची लांबी पाव तरंगलांबी, म्हणजे ४३७ मेगाहर्ट्झच्या रेडिओला सुमारे १७ सेंटिमीटर. दोरा नायक्रोमच्या, म्हणजे वीज सोडली की तापणाऱ्या, तारेने वितळवायचा. टेबलावर दोरा जरा ढिला असला तरी तारेभोवतीची गरम हवा काम भागवते. निर्वातात तो तारेला टेकलेला नसेल तर तार लाल होते आणि दोरा तसाच राहतो. शिवाय हवेचा थंडावा नसल्याने, हवेत ठरवलेल्या करंटला तारच तुटू शकते. म्हणून ही चाचणी निर्वात कक्षात, उणे २० अंशांना, उतरलेल्या बॅटरीवर करायची. तारा दोन हव्यात, आणि फसलेला प्रयत्न पुढच्या फेरीत पुन्हा करणारा प्रोग्रामही हवा.

दुसरा सापळा जास्त छुपा. बॅटरी उतरलेली असते, बोर्ड सुरू होतो, करंट ओढतो, व्होल्टेज कोसळतं, रीसेट. त्या ४५ मिनिटांचा टायमर फक्त रॅममध्ये, म्हणजे वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, असेल तर प्रत्येक रीसेटनंतर ४५ मिनिटं पुन्हा शून्यापासून! उपग्रह जिवंत असतो, पण त्याच्या बोलण्याची वेळ कधी येतच नाही. मोजणी फ्लॅश किंवा एफरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, ठेवा. दोन सेलच्या बॅटरी पॅकला समजा ६.४ व्होल्टला तोडलंत, तर ७.४ च्या आत पुन्हा जोडू नका. टेबलावर हे दिसत नाही, कारण डीबगची (प्रोग्राममधल्या चुका शोधायची) यूएसबी केबल लावलेली असते आणि तिच्यातून बोर्डाला गुपचूप वीज मिळत राहते.

तेव्हा केबल काढा. सोलर पॅनलच्या जागी करंट मर्यादा लावलेला पॉवर सप्लाय कक्षेतल्या ऊन-सावलीसारखा ६० मिनिटं चालू, ३५ मिनिटं बंद, असं आठवडाभर चालवा. आज्ञा फक्त रेडिओवरून द्या, मध्ये सिग्नल क्षीण करणारा ॲटेन्युएटर लावून. चार्जिंगचा कन्व्हर्टर चालू झाला की त्याच्या गोंगाटात रिसीव्हर बहिरा होतो का, तेही तेव्हाच कळतं.

कॅमेऱ्याबाबत तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. ३० जून २००३ ला रशियातल्या प्लेसेत्स्कहून गेलेल्या टोकियो विद्यापीठाच्या ‘साय-फोर’ या क्यूबसॅटने कॅमेऱ्यातून पृथ्वीचे फोटो पाठवले आणि वर्षानुवर्षं तो बोलत राहिला. (त्यातले पार्टही बरेचसे बाजारातलेच, हे जाता जाता.) म्हणजे कॅमेरा वर्ज्य नाही. माझा विरोध मुख्य आय-टू-सी बसवर, म्हणजे सगळे बोर्ड ज्या सामाईक तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांवर, लटकवलेल्या कॅमेऱ्याला आहे. अडकलेल्या कॅमेऱ्याने डेटा लाइन खाली धरून ठेवली की त्याच बसवरचा पॉवर बोर्डही बोलेनासा होतो. नुसता कॅमेऱ्याचा पुरवठा तोडूनही भागत नाही. वीज नसलेली चिप तिच्या आतल्या संरक्षक डायोडमधून लाइन ओढत राहू शकते. वेगळी बस द्या किंवा मध्ये दोन्ही बाजू अलग ठेवणारा आयसोलेटर घाला, आणि कॅमेरा उपटून काढल्यावर उपग्रह नीट बूट होतो का ते तपासा. होत असेल, तर खुशाल कॅमेरा पाठवा.