हॉटस्पॉट म्हणे डेटा दुप्पट खातो!

‘मोबाईलवरून लॅपटॉपला नेट देऊ नका’ असा एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. त्यात पाच इशारे आहेत: डेटा दुप्पट कापला जातो, एकदा फोनचा आणि एकदा लॅपटॉपचा, हॉटस्पॉट चालू असताना जवळचा कुणीही तुमचे फोटो बघू शकतो, बॅटरी फुगते, किरणोत्सर्ग चौपट होतो, म्हणून ब्लूटूथने जोडा, त्याला डेटा लागतच नाही. बॅटरीचं अर्धं खरं आहे. बाकीचं बघू.

आधी दुप्पट डेटा. मोबाईल कंपनी मोजते ते टॉवर आणि फोन यांच्यात जे जातं-येतं तेवढंच. फोनपासून लॅपटॉपपर्यंतचं वाय-फाय तिच्या हिशेबात येत नाही. मी बाकी सगळं बंद करून, फोनचा काउंटर शून्यावर आणून लॅपटॉपवर १०० एमबीची फाईल उतरवली. आकडा शंभराच्या जरासा वर जाऊन थांबला. डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये, जातो; वरचे एमबी म्हणजे प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्याचं वजन. दुसऱ्या खेपेला लॅपटॉप तसाच जोडून जेवायला गेलो. परत येईपर्यंत अपडेट आणि क्लाउड फोल्डर (ऑनलाइन साठ्याशी आपोआप फाईली जुळवत राहणारा) यांनी मिळून जवळजवळ एक जीबी फस्त केला होता.

म्हणजे डेटा संपल्याची तक्रार खोटी नाही, चोर भलताच पकडलाय. लॅपटॉपला वाटतं आपण घरच्या वाय-फायवर आहोत. मग तो हात सैल सोडतो, मोठ्या स्क्रीनवर व्हिडिओही जास्त रिझोल्यूशनचा मागवतो. विंडोजमध्ये त्या नेटवर्कसाठी ‘मीटर्ड कनेक्शन’ आणि मॅकवर ‘लो डेटा मोड’ चालू केलं की बरीचशी गळती थांबते. क्लाउड फोल्डरचं सिंक मात्र हातानेच थांबवलेलं बरं. काही प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा असते, ती अटींमध्ये बघून घ्या. कंपनीला कळतं कसं? पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो आणि तो प्रत्येक टप्प्यावर एकाने घटतो. फोनचं स्वतःचं पॅकेट साधारणपणे ६४ घेऊन निघतं. विंडोजचं १२८ घेऊन निघतं आणि फोनमधून बाहेर पडताना १२७ होतं. चुगली तिथेच होते.

फोटोंचं म्हणाल तर हॉटस्पॉटवर जोडलेल्याला नेट मिळतं, फोनची गॅलरी नाही. धोका आहे तो पासवर्ड ‘१२३४५६७८’ ठेवण्यात. पाहुणा तुमचा डेटा उडवेल आणि नेटवर जे करेल ते तुमच्या कनेक्शनच्या नावावर लागेल. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ हे वाय-फायचं कुलूप निवडा, पासवर्ड लांबलचक ठेवा.

आता बॅटरी. फोनला मोबाईल नेटवर्क आणि वाय-फाय दोन्ही एकाच वेळी राबवावं लागतं, म्हणून तो तापतो, आणि उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते हे खरं. पण ‘लावला हॉटस्पॉट, फुगली बॅटरी’ असं होत नाही. बरेच जण फोन लॅपटॉपच्या गरम हवेच्या झरोक्याशी टेकवून ठेवतात, वर चार्जिंगही चालू. तो खिडकीपाशी सावलीत ठेवा. सिग्नल चांगला मिळाला की फोनला टॉवरपर्यंत ओरडावं लागत नाही. नाहीतर सरळ यूएसबी केबल लावा: वाय-फायचं काम वाचतं, वेग टिकतो, चार्जिंगही होत राहतं.

किरणोत्सर्गावर फार वेळ घालवायला नको. ४जी फोन टॉवरशी बोलताना जास्तीत जास्त सुमारे २०० मिलीवॅट वापरतो, वाय-फाय सहसा त्याहून कमी. चौपट कुठून आलं? शिवाय टेबलावरचा फोन कानाला लावलेल्या फोनपेक्षा कितीतरी लांब असतो. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरी ‘२बी’ गटात, म्हणजे ‘शक्यता असू शकते’ या गटात टाकल्या, हे खरंय. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे.

राहिलं ब्लूटूथ. हॉटस्पॉट येण्याआधी लोक ब्लूटूथने फोन जोडून लॅपटॉपवरून नेट सुरू करायचा *९९# हा नंबर डायल करायचे. फोन तेव्हा अक्षरशः मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला नेटशी जोडणारं यंत्र, असायचा. आजही त्या वाटेने सेकंदाला दोनेक मेगाबिट मिळतात: ईमेलला पुरे, व्हिडिओ कॉलला अपुरे. बॅटरी कमी जाते, पण डेटा तेवढाच जातो. ज्यांनी फॉरवर्ड पाठवला त्यांना मी लिहिलं, फोनचा मोबाईल डेटा आणि वाय-फाय दोन्ही बंद करा आणि ब्लूटूथने लॅपटॉपवर एक पान उघडून दाखवा. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर अजून नाही.